निरोप उशिरा पोचतो तेव्हा

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी गाळलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, बँकेतल्या आठवणी सांगा, पण वीस मिनिटांत." बँकेतल्या माणसाला वेळेचं बंधन नवीन नाही. पण मी नुसत्या आठवणी सांगणार नाही. माझी मुलगी संगणकशास्त्र शिकवते. दिवाळीत आली होती तेव्हा मी तिला सहज विचारलं की हल्ली तू वर्गात काय शिकवतेस? ती म्हणाली, "बाबा, लांब लांब असलेली यंत्रं एकमेकांना निरोप पाठवतात, ते निरोप उशिरा पोचतात, कधी हरवतात, आणि तरीही सगळ्यांनी एकाच निर्णयावर यायचं असतं. ते कसं जमवायचं, हे." मी म्हटलं, "अगं, हे तर आमचं आंतरशाखा समायोजन!" ती हसली. मग आम्ही दोघं रात्री साडेबारापर्यंत बोलत बसलो. आज बोलणार आहे ते त्या रात्रीचं.

गोष्ट १९७९ सालची. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, नुकताच ऑफिसर झालो होतो आणि मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. बँकेचं नाव घेत नाही, तिचा यात काही दोष नाही. दोष माझा.

तरुण मंडळींना आधी टी.टी. म्हणजे काय ते सांगायला हवं. मुंबईतला माणूस तिथल्या शाखेत पैसे भरायचा. ती शाखा आमच्या शाखेला तार करायची, की अमक्याला इतके द्या. तारेत एक सांकेतिक आकडा असायचा. तो आम्ही कुलपातल्या पुस्तकावरून ताडून बघायचो, म्हणजे तार खरी की खोटी ते कळायचं. आकडा जुळला की पैसे खात्यात जमा. आणि तारेत चूक होऊ शकते, तार पोचतच नाही असंही होतं, म्हणून मागाहून टपालाने त्याच टी.टी.चं खात्रीपत्र यायचं. त्यावर शिक्का असायचा की ही आधी केलेल्या तारेची खात्री आहे, रक्कम पुन्हा देऊ नये.

आता हिशेब बघा. मुंबईच्या शाखेने लिहिलं, हेड ऑफिसचे तीन हजार जमा. आम्ही लिहिलं, हेड ऑफिसचे तीन हजार नावे. दोन्ही शाखांची रोजची पत्रकं टपालाने हेड ऑफिसला जायची आणि तिथे एका मोठ्या खात्यात कारकून मंडळी या जोड्या लावत बसायची. जोडी लागली की नोंद मिटली. नाही लागली की ती लोंबकळत राहायची. आठवडे, महिने, काही तर वर्षानुवर्षं. म्हणजे एकाच बँकेच्या दोन शाखांचं एकाच रकमेबद्दल एकमत झालं की नाही, हे कुणालाच त्या दिवशी ठाऊक नसायचं. सगळा कारभार जुन्या बातमीवर चाललेला.

तर एका शेतकऱ्याच्या नावावर तीन हजारांची टी.टी. आली. भाऊ मुंबईला गिरणीत होता, त्याने विहिरीसाठी पाठवलेली. सोमवारी तार आली, माझ्या सहकाऱ्याने रक्कम जमा केली आणि तो रजेवर गेला. शुक्रवारी खात्रीपत्र आलं. शिक्क्याची शाई फिकी होती. बाजाराचा दिवस, काउंटरवर झुंबड. मी टी.टी.चं रजिस्टर उघडून मागचं पान पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. नवी टी.टी. समजून तीन हजार पुन्हा जमा केले.

दोन महिन्यांनी हेड ऑफिसचं चौकशीपत्र आलं. तुमच्या शाखेच्या दोन नोंदी, मुंबईची मात्र एकच, खुलासा करा. मंडळी, तेव्हा तीन हजार म्हणजे माझा तीन महिन्यांचा पगार. घरी पत्नीला सातवा महिना. तीच ही मुलगी, जी आता मला शिकवते. खात्यात पाहिलं तर शिल्लक बावीस रुपये. मी मॅनेजरसाहेबांना सांगून एस.टी. पकडली आणि फाट्यापासून दोन कोस चालत त्या माणसाच्या गावी गेलो.

तो मला बघून उठून उभा राहिला. म्हणाला, "साहेब, तुमचीच वाट बघत हुतो. भावानं दुबार पैसं कशापायी धाडलं म्हून मी कार्ड टाकलं. त्याचं उत्तर आलं, म्या तर एकदाच धाडलं. तवापासनं कणगीत ठिवल्यात. बँकेत इचारायला यावं तर तुम्ही म्हणाल, चोर आहे." बावीसशे रुपये त्याने धोतराच्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. आठशे उत्तर येण्याआधीच खर्च झाले होते, ते त्याने कबूल केलं. ते मी माझ्या खिशातून भरले आणि ज्वारी निघाल्यावर त्याने ते आणून दिले, दोन हप्त्यांत.

मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, पंधरा पैशांच्या कार्डाने तुमच्या हेड ऑफिसच्या आधी समायोजन केलं!" खरंच आहे. त्या माणसाने जे केलं ते मी करायला हवं होतं. निरोप दुसऱ्यांदा आला, तर हा नवा निरोप आहे की जुनाच पुन्हा आलाय, हे पाठवणाऱ्याकडे विचारायचं. मला तर विचारायचीही गरज नव्हती, नुसतं पान उलटायचं होतं.

आता कुणी म्हणेल, मग खात्रीपत्र पाठवायचंच कशाला? त्यानेच घोटाळा झाला ना? इथे एक मजेशीर कोडं आहे. जिम ग्रे नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७८ साली आपल्या टिपणांत त्याला दोन सेनापतींचा पेच म्हटलं. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाचे दोन सेनापती आहेत आणि मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी चाल केली तर जय, एकट्याने केली तर नाश. निरोप्या दरीतूनच जाणार, वाटेत पकडलाही जाईल. पहिला कळवतो, पहाटे निघू. पण हा निरोप पोचला का? दुसरा पोचपावती पाठवतो. ती पोचली का, हे त्याला कळत नाही. मग पोचपावतीची पोचपावती. असं कितीही केलं तरी शेवटचा निरोप पाठवणारा अंधारातच राहतो. निरोप हरवू शकत असेल तर दोघांनाही शंभर टक्के खात्री कधीच होत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. आमच्या मॅनेजरसाहेबांनी ते सिद्धता न वाचताच ओळखलं होतं. ते म्हणायचे, "खात्रीच्या मागे लागू नका, नंबर घाला." प्रत्येक टी.टी.ला नंबर. तोच नंबर दहा वेळा आला तरी पैसे एकदाच. निरोप पुन्हा पाठवायला मग कुणाला भीती नाही.

आजचं यूपीआय त्याच तत्त्वावर चालतं. भाजीवाल्याला पैसे पाठवता, तुमच्या खात्यातून वजा होतात, त्याच्या फोनवर आवाज येत नाही. तुम्ही, मी, सगळेच घाबरतो आणि पुन्हा पाठवतो. यंत्र एका व्यवहाराचा निरोप शंभरदा पाठवेल, त्याला क्रमांक एकच असतो, म्हणून पैसे एकदाच जातात. तुम्ही नव्याने बटण दाबलंत की नवा क्रमांक पडतो आणि पैसे खरोखर दोनदा जातात. म्हणून जरा थांबा. समोरच्याच्या खात्यात पैसे जमा झाले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत, पुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. हा नियम मी इथे आठवड्यातून तीनदा कुणाला ना कुणाला सांगतो, म्हणून आज सगळ्यांना एकदमच सांगून ठेवला.

असो. आता आपल्या घरातली गोष्ट.

२०१८ सालची बी विंगची लिफ्ट आठवते ना? माना खाली घालू नका, मी तेव्हा सेक्रेटरी होतो, सगळ्यांत खाली मान माझीच हवी. लिफ्ट बंद पडली. जुनी दुरुस्त करायची की नवी बसवायची? बी विंगला नवी हवी होती, ए विंगचं म्हणणं दुरुस्ती पुरे. यात भांडण असं काही नव्हतं. उलट दोन्ही बाजू समजूतदार, हाच घोळ झाला.

शुक्रवारी ए विंगच्या मंडळींनी पार्किंगमध्ये बसून ठरवलं, दुरुस्तीच. बी विंगला ते शनिवारी कळलं, काही जण चिडले. पण रात्री ज्येष्ठांनी समजूत घातली, की चला, सोसायटीत वितुष्ट नको, दुरुस्ती तर दुरुस्ती. तेवढ्यात बी विंग चिडल्याची बातमी ए विंगला रविवारी सकाळी पोचली आणि त्यांनी मोठ्या मनाने ठरवलं, घेऊ द्या नवी. रविवारी दुपारी व्हॉट्सॲपवर दोन्ही निरोप एकमेकांना ओलांडून गेले. ए म्हणतं नवी, बी म्हणतं दुरुस्ती. सोमवारी दोघांनीही दुसऱ्याचा मान राखला आणि पुन्हा उलटे फिरले! कुणी निरोप सकाळी वाचतो, कुणी रात्री लोकलमधून घरी आल्यावर, आपले दोन सभासद अमेरिकेत, त्यांचा दिवस उजाडतो तेव्हा आपण जेवून झोपायला निघालेले. त्यात मी पहिलं कोटेशन ग्रुपवर टाकलं आणि पंधरा दिवसांनी सुधारलेलं टाकलं, वर तारीख न लिहिता. निम्मे लोक एका आकड्यावर बोलत होते, निम्मे दुसऱ्या.

मुलीने याला गीझरचं उदाहरण दिलं. आपल्या गच्चीवर सोलरची टाकी आहे. तळमजल्यावर नळ सोडला की गरम पाणी यायला वेळ लागतो. अंगावर गार पाणी आलं म्हणून आपण गरमचा नळ पुरता फिरवतो. पाणी येईपर्यंत धीर धरत नाही. मग एकदम चटका. घाईने गारचा नळ. पुन्हा कुडकुडणं. नळात दोष नाही, टाकीत दोष नाही. बातमी जुनी आणि हात घाईचा, एवढंच.

२००४ साली रेझा ओल्फाती-साबेर आणि रिचर्ड मरे या दोघांनी यावर निबंध लिहिला, संगणकवाल्यांत तो फार गाजलेला आहे. कल्पना अशी, की जाळ्यातला प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्यांची मतं ऐकतो आणि आपलं मत थोडं थोडं त्यांच्याकडे सरकवत जातो. उशीर नसेल आणि जाळं तुटक नसेल तर शेवटी सगळे एका ठिकाणी येतात. उशीर असेल तर? ठरावीक मर्यादेपर्यंतचा उशीर चालतो, त्यापुढे मतं एकत्र येण्याऐवजी झोके घेत राहतात, ते झोके वाढतही जातात. मर्यादा किती, तेही त्यांनी गणिताने काढून दाखवलं. त्यातली एक गोष्ट मला फार पटली. ज्या जाळ्यात एकेक जण खूप जणांना जोडलेला असतो, त्याला उशीर कमी सोसतो. आपल्याला वाटतं जितके जास्त लोक जितक्या जणांचं ऐकतील तितकं लवकर एकमत. बातमी ताजी असेल तर खरंच तसं होतं. बातमी शिळी असेल तर तोच मोठा ग्रुप सगळ्यांत आधी डळमळतो. आपल्या ग्रुपवर तेव्हा एकशे बारा माणसं होती.

या गमतीजमतीत बी विंगची लिफ्ट जवळजवळ पाच महिने बंद राहिली. पाचव्या मजल्यावरच्या काकूंचं त्याच पावसाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. त्या खाली उतरू शकत नव्हत्या. भाऊबीजेला त्यांचे भाऊ आले, ऐंशीच्या पुढचे, त्यांनाही पाच जिने चढणं शक्य नाही. ते गेटजवळ वॉचमनच्या खुर्चीवर बसले. काकूंनी वरून गॅलरीतून ताट ओवाळलं आणि त्यांनी खालून हात जोडले. नातवाने ओवाळणी वर नेली आणि करंज्यांचा डबा खाली आणला. मी तेव्हा दूध घेऊन येत होतो, ते सगळं पाहिलं. पुढच्या भाऊबीजेला लिफ्ट होती, भाऊ नव्हते. काकू आज इथे बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच मी हे सांगतोय. त्यांनी परवानगी देताना म्हटलं, "सांगा, पण आवाज चढवून सांगू नका."

काम मार्गी लागलं ते भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. ग्रुपवरची चर्चा मी बंद केली. एकच कागद केला. वर क्रमांक, तारीख आणि एकच कोटेशन. वॉचमनच्या टेबलावर वही ठेवली आणि सांगितलं, बुधवारी रात्री आठपर्यंत प्रत्येकाने स्वतःचं मत लिहायचं, दुसरी विंग काय म्हणते ते न विचारता. अमेरिकेतल्या दोघांनी ई-मेल करायचा. आठनंतर आलेलं मत पुढच्या बैठकीला. बैठक रीतसर, चौदा दिवसांची नोटीस काढून. एकूण तीन आठवड्यांत नवी लिफ्ट मंजूर झाली. मत बदलावं लागलं असे फक्त चार जण होते. म्हणजे पाच महिने आपण एकमेकांच्या जुन्या मताशी जुळवून घेत होतो.

एक अडचण मात्र वहीनेही सुटली नाही. नऊ सदनिकांचं उत्तरच आलं नाही. कुणी गावाला, कुणी भाडेकरू ठेवून परदेशी, एक फ्लॅट कोर्टकज्जात. गप्प बसलेला माणूस विरोधात आहे, की त्याला निरोपच पोचला नाही, की पोचलाय पण उत्तर वाटेत आहे? बंद दाराकडे बघून हे कळत नाही. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी सिद्ध केलं, की निरोपाला किती उशीर लागेल याला काहीच मर्यादा नसेल आणि एखादा जरी मधेच बंद पडू शकत असेल, तर सगळ्यांना हमखास एकमतावर आणणारी ठरीव पद्धत असूच शकत नाही. कारण बंद पडलेला आणि नुसता उशीर करणारा, बाहेरून सारखेच दिसतात. मुलगी म्हणाली, हा निकाल आला तेव्हा जाणकारही चक्रावले. आपल्या वसुली उपसमितीला विचारलं असतं तर त्यांनी आधीच सांगितलं असतं.

मग करायचं काय? सगळ्यांसाठी थांबायचं नाही, बहुमतासाठी थांबायचं. लेस्ली लॅम्पोर्ट नावाच्या गणितज्ञाने हे फार छान मांडलंय. त्याने एका ग्रीक बेटाची काल्पनिक कथा रचली. तिथली संसद अर्धवेळ चालते, सभासद मनाला येईल तेव्हा येतात-जातात, निरोपे विसराळू, आणि प्रत्येक सभासदाकडे स्वतःची वही, न पुसणाऱ्या शाईने लिहिलेली. बँकेतल्या माणसाला यापेक्षा गोड गोष्ट कोणती? परीक्षकांचं मात्र म्हणणं पडलं, ती कथा काढून टाका. साधारण १९९० ला लिहिलेला निबंध छापून आला १९९८ साली. आज मोठमोठे संगणक त्याच पद्धतीने किंवा तिच्या भावंडांनी आपल्या नोंदी जुळवून ठेवतात.

त्याचं मर्म साधं आहे. आपल्या सदनिका ४८. बहुमत म्हणजे २५. आज एका बैठकीला २५ जण आले आणि उद्या दुसऱ्या बैठकीला २५ आले, तर निदान दोन माणसं दोन्हीकडे असणारच, कारण २५ आणि २५ मिळून ५० होतात. म्हणजे आदल्या दिवशी काय ठरलं हे ठाऊक असलेला कुणीतरी दुसऱ्या बैठकीत हजर असतोच. नवा ठराव मांडण्याआधी त्याला विचारायचं, जुनं काही ठरलंय का? ठरलं असेल तर तेच पुढे न्यायचं. यामुळे दोन बैठकांत दोन परस्परविरोधी ठराव होत नाहीत.

इथे एक खोडसाळ हिशेब सांगतो. आदर्श उपविधींप्रमाणे आपल्या सर्वसाधारण सभेची गणपूर्ती दोन-तृतीयांश किंवा वीस, यांतली जी कमी ती. म्हणजे आपल्याकडे वीस. आता वीस आणि वीस चाळीसच होतात. म्हणजे दोन सभा अशा होऊ शकतात की एकाही माणसाला दोन्हीकडचं ठाऊक नाही! उपविधी करणारे चुकले असं माझं म्हणणं नाही. त्यांना माहीत होतं की सभेला वीस माणसं जमवतानाच सेक्रेटरीच्या नाकी नऊ येतात. म्हणून तर त्यांनी इतिवृत्ताची वही सक्तीची केली. माणूस दोन्ही सभांना नसेल, पण वही असते. फक्त ती उघडून वाचायला हवी. रजिस्टरचं मागचं पान न उलटल्याने काय होतं, ते मी मघाशी सांगितलंच.

वीस मिनिटं होऊन गेली, सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. एकच काम राहिलं. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीच्या गळतीचा विषय पुढच्या महिन्याच्या सभेत आहे. कोटेशनं दोन आली आहेत, त्यांवर या वेळी तारीख आणि क्रमांक ठळक घातलेला आहे, मी स्वतः तपासलंय. वही वॉचमनकडे आहे. रविवारी रात्री आठपर्यंत लिहा. आणि पहिल्या विंगेने काय लिहिलंय ते बघायला कृपा करून पानं उलटू नका, तेवढं एक पान मात्र या खेपेला न उलटलेलं बरं.

पंगत मांडली आहे. काकू, तुम्ही लिफ्टने पुढे व्हा, मी जिन्याने येतो.